विश्लेषण : आतड्याच्या कर्करोगाच्या अहवालातील ‘ती’ चार प्रथिने… ऑल्ड्रेड वॉर्थिन यांच्याशी त्यांचा काय संबंध?

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या अहवालात एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ ही नावे दिसतात. या चार प्रथिनांची गोष्ट १३० वर्षांपूर्वीच्या एका संभाषणापर्यंत मागे जाते.

कोण होते वॉर्थिन?

ऑल्ड्रेड स्कॉट वॉर्थिन यांचा जन्म १८६६ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्यात झाला. आधी संगीत शिकलेल्या वॉर्थिन यांनी १८९१ मध्ये मिशिगन विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतली. पुढे ते तिथेच विकृतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९३१ मध्ये त्यांचे निधन झाले.

१८९५ मध्ये काय घडले?

शिवणकाम करणाऱ्या एका महिलेने त्यांना आपली भीती सांगितली. तिच्या घरातील अनेक जण जठर, आतडे किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाने गेले होते. आपलेही तेच होणार, याची तिला खात्री होती. वॉर्थिन यांनी हे हसण्यावारी नेले नाही. त्यांनी तिच्या घराण्याची वंशावळ तयार केली आणि १९१३ मध्ये ती प्रसिद्ध केली. हेच ‘फॅमिली जी’. ती महिला पुढे गर्भाशयाच्या कर्करोगानेच गेली.

दखल कधी घेतली गेली?

कर्करोग आनुवंशिक असू शकतो, हे तेव्हा फारसे कुणी मानत नव्हते. वॉर्थिन स्वतः ‘सुप्रजनन’ विचाराचे समर्थक होते, ही त्यांच्या कारकिर्दीची काळी बाजू. १९६६ मध्ये डॉ. हेन्री लिंच यांनी अशाच दोन घराण्यांची नोंद केली आणि नंतर ‘फॅमिली जी’चाही पुन्हा अभ्यास केला. हा आजार आज ‘लिंच सिंड्रोम’ म्हणून ओळखला जातो.

प्रथिनांचा संबंध काय?

पेशी विभागताना डीएनएच्या नकलेत होणाऱ्या चुका ही चार प्रथिने दुरुस्त करतात. ‘फॅमिली जी’मध्ये एमएसएच२च्या जनुकातच दोष असल्याचे २००० मध्ये स्पष्ट झाले. आता गाठीच्या पातळ कापावर विशेष रंगप्रक्रिया करून प्रथिन आहे की नाही, हे पाहता येते.

रुग्णासाठी याचा अर्थ काय?

प्रथिन नसणे म्हणजे वाईटच बातमी, असे नाही. दुसऱ्या टप्प्यातील अशा रुग्णांमध्ये आजार उलटण्याचा धोका सहसा कमी असतो आणि केवळ ‘५-एफयू’ या केमोथेरपीचा फारसा फायदा होत नाही. आजार पसरला असल्यास इम्युनोथेरपी उपयोगी ठरू शकते. मात्र अशी प्रत्येक गाठ आनुवंशिक नसते. त्यासाठी पुढील जनुकीय तपासणी लागते. ती पॉझिटिव्ह आली, तर भावंडे आणि मुलांनाही तपासणी व वेळेवर कोलोनोस्कोपीचा सल्ला दिला जातो. त्या महिलेला ही संधी मिळाली नव्हती. म्हणूनच घरात कुणाला कोणता कर्करोग कितव्या वर्षी झाला, हे डॉक्टरांना जरूर सांगा.