मिरजेचे वानलेस डॉक्टर

आपल्या बोरगाव, निपाणी, चिकोडी भागात कुणी झाडावरून पडला किंवा बैलगाडीच्या चाकाखाली कुणाचा पाय सापडला, की आधी हाडवैद्य आणि तिथे जमले नाही तर मिरज, असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. आज आपल्या आणि मिरजेच्या मधे राज्याची सीमा आहे, पण ती 1956 नंतरची. त्याआधी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातच होता. पंचगंगा आणि कृष्णा ओलांडली की मिरज, एवढाच काय तो अडसर. मिरजेला ही ओळख मिळवून दिली ती एका परदेशी माणसाने. त्यांचे नाव विल्यम जेम्स वानलेस.

वानलेस यांचा जन्म 1865 साली कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात झाला. 1889 साली न्यूयॉर्कमध्ये वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून त्याच वर्षी ते पत्नी मेरी यांच्यासह भारतात आले. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने त्यांना पाठवले होते. धर्मप्रसार हाही त्यांच्या कामाचा भाग होता, हे लपवायचे कारण नाही. त्यांनीही ते कधी लपवले नाही. सुरुवात सांगलीतल्या लहानशा दवाखान्यापासून झाली. पुढे ते मिरजेत आले आणि मग मिरजेचेच झाले. मिरज तेव्हा पटवर्धनांचे संस्थान. गावात रेल्वे नुकतीच आली होती. पुण्याकडून बेळगाव, लोंढ्याकडे जाणारी गाडी आणि कोल्हापूरचा फाटा इथेच मिळत. रुग्णालयाच्या भरभराटीत डॉक्टरांच्या हाताइतकाच या जंक्शनचाही वाटा आहे, असे मला वाटते. खाटेवर झोपवून आणलेला माणूस गाडीत घालता येत होता, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

फिलाडेल्फियाचे उद्योगपती जॉन कॉन्व्हर्स यांच्या देणगीतून मिरजेचे रुग्णालय उभे राहिले आणि 1894 साली सुरू झाले. सुरुवातीला त्यांचे नाव झाले मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांमुळे. काठी टेकत आलेली म्हातारी स्वतःच्या पायांनी, वाट बघत घरी गेली, की तिच्या गावाहून पुढच्या आठवड्यात आणखी चार जण येत. असा विश्वास बसल्यावर लोक इतर दुखणी घेऊन येऊ लागले.

हाडांचे डॉक्टर अशी वेगळी शाखा तेव्हा आपल्याकडे नव्हतीच. डोळा, पोट, मूतखडा, गाठ, मोडलेले हाड, सगळे एकाच शल्यचिकित्सकाच्या हाताखालून जाई. मोडलेल्या हाडाची तेव्हाची स्थिती नीट समजून घेण्यासारखी आहे. हाडवैद्याला हाड हाताने चाचपून जागेवर बसवणे जमत असे, त्यातले काही खरोखर कसबी होते. बांबूच्या कामट्या आणि लेप लावून साधे मोडलेले हाड ते सांधतही. पण कामट्या घट्ट बांधल्या गेल्या की रक्त अडे, बोटे काळी पडत आणि हात किंवा पाय सडायला लागे. हाड कातडी फाडून बाहेर आले असेल तर जखम चिघळे आणि बरेचदा माणूसच जाई. इथे लिस्टर यांनी 1867 साली मांडलेल्या जंतुनाशक पद्धतीने फरक पडला. हात, हत्यारे आणि जखम जंतूंपासून जपायची, भूल द्यायची, मग शांतपणे काम करायचे. वानलेस शिकले ते याच पद्धतीच्या पिढीत. एक्स-रेचा शोध लागला 1895 साली, म्हणजे मिरजेचे रुग्णालय सुरू झाल्यानंतर एका वर्षाने. तोपर्यंत हाड कुठे मोडले हे डॉक्टरालाही हाडवैद्यासारखे बोटांनीच ओळखावे लागे.

पाय कापायचा की नाही, हा प्रश्न घरच्यांसाठी सर्वांत कठीण असे. शेतकऱ्याचा पाय गेला म्हणजे शेत गेले. परक्या देशाच्या, परक्या धर्माच्या माणसाने हा सल्ला दिला तर तो ऐकायचा कसा? तरी लोक ऐकत, कारण शेजारच्या गावचा कुणी तिथून जिवंत परत आलेला असे.

एकट्याने हे पुरणार नाही हे त्यांनी लवकर ओळखले. 1897 साली त्यांनी रुग्णालयातच वैद्यकीय शाळा सुरू केली. इथे शिकलेली मुले पुढे निरनिराळ्या गावांत डॉक्टर म्हणून गेली. माझ्या मते त्यांचे सर्वांत टिकाऊ काम हेच. 1900 साली कुष्ठरोग्यांसाठी वेगळा आश्रम निघाला. कुष्ठरोगात मज्जातंतू मरतात, स्नायू दुबळे होतात, बोटे वाकडी होतात. ती सरळ करण्याची शस्त्रक्रिया पुढे पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला विकसित केली. 1900 साली मात्र रोग्याला निवारा देणे आणि त्याच्या जखमा धुणे एवढेच हाती होते, आणि तेवढे करायलाही माणसे मिळत नसत.

1906 साली मेरीबाईंचे निधन झाले. कोल्हापुरातले मेरी वानलेस रुग्णालय त्यांच्याच नावाचे आहे. त्याच सुमाराची एक गोष्ट नाटकवेड्या मंडळींना ठाऊक असेल. नारायण राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, यांच्या कानाच्या दुखण्यासाठी शाहू महाराजांनी त्यांना मिरजेलाच धाडले होते. किर्लोस्कर मंडळींशी त्यांचा संबंध जुळला तो त्याच निमित्ताने. मराठी रंगभूमीचे थोडे देणे या दवाखान्याकडेही निघते!

मग क्षयाचे आरोग्यधाम. सांगली आणि मिरजेच्या मधल्या माळावर 1920च्या सुमारास ते उभे राहिले. क्षय म्हटला की आपल्याला खोकलाच आठवतो, पण तो मणक्यात, खुब्यात, गुडघ्यातही शिरतो. जुन्या गावांत दिसणारी कुबडाची मुले पुष्कळदा मणक्याच्या क्षयाची असत. त्यावर औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन आले ते 1940च्या दशकात. तोवर महिनोन्‌महिने न हलता पडून राहणे, प्लास्टर, ऊन, मोकळी हवा आणि सकस अन्न, यांवरच जगभर भिस्त होती. घरात हे कुणाला परवडणार? अंथरुणाला खिळलेल्या पोराला सहा महिने दूध, अंडी कोण देणार? आरोग्यधामाची गरज होती ती यासाठी.

1928 साली ब्रिटिश सरकारने त्यांना सर ही पदवी दिली आणि त्याच वर्षी, जवळजवळ चाळीस वर्षांच्या कामानंतर, ते निवृत्त होऊन अमेरिकेला परतले. आपल्या कामाची हकिकत सांगणारे त्यांचे पुस्तक 1932 साली निघाले. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले. 1962 साली मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. आज मिरजेत हाडांच्या डॉक्टरांच्या पाट्या जागोजागी दिसतात, आणि त्यांच्या बाकांवर कानडी बोलणारेही तितकेच बसलेले असतात.

आरोग्यधामाच्या माळाला वानलेसवाडी हे नाव पडले, ते अजून आहे. सांगलीहून मिरजेला जाताना आपल्याकडची म्हातारी माणसे तो थांबा आला की आपले आता आलेच म्हणून पिशव्या आवरायला लागतात.