कंसांचा वारसा : जॉन मॅकार्थी

शुगर लँड : येथील मराठी संगणक अभियंत्यांना वेबअसेंब्ली हे नाव आता अपरिचित राहिलेले नाही. निरनिराळ्या भाषांतील प्रोग्राम ब्राउझरमध्ये वेगाने चालवणाऱ्या या तंत्राला २०१९ मध्ये प्रमाणित दर्जा मिळाला. यंत्रासाठी ते द्विमान अंकांत असते. माणसाला वाचण्यासाठी मात्र ते कंसांत कंस गुंफून लिहिले जाते. हे कंस लिस्प भाषेचे आणि लिस्प जॉन मॅकार्थी यांची.

मॅकार्थी यांचा जन्म ४ सप्टेंबर १९२७ रोजी बोस्टन येथे स्थलांतरितांच्या घरी झाला. वडील आयर्लंडचे, आई लिथुआनियाची. पुढे कुटुंब लॉस एंजेलिसला आले. तेथे शाळकरी वयातच त्यांनी कॅल्टेकची गणिताची पुस्तके स्वतः अभ्यासली आणि प्रवेशानंतर गणिताची पहिली दोन वर्षे त्यांना माफ झाली. व्यायामाच्या तासांना दांडी मारल्याबद्दल मात्र संस्थेने त्यांना काही काळ दूर केले. लष्करी सेवेनंतर ते परतले, १९४८ मध्ये पदवीधर झाले आणि १९५१ मध्ये प्रिन्स्टनची डॉक्टरेट मिळवली. १९५६ च्या डार्टमथ परिषदेसाठी आदल्या वर्षी लिहिलेल्या प्रस्तावात कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयाचे इंग्रजी नाव रूढ झाले, तेही त्यांच्याच पुढाकाराने.

१९५८ मध्ये एमआयटीत त्यांनी लिस्पची रचना आरंभली. या भाषेत प्रोग्राम आणि माहिती दोन्ही एकाच रूपात, म्हणजे याद्यांच्या रूपात लिहिता येतात. त्यामुळे एक प्रोग्राम दुसऱ्याला वाचून त्याचे मूल्य काढू शकतो. हे मांडण्यासाठी त्यांनी लिस्पचा अर्थ लावणारे एक फलन लिस्पमध्येच लिहिले. १९६० मध्ये तो निबंध प्रसिद्ध झाला. त्यांच्या दृष्टीने ते केवळ सिद्धांताचे साधन होते. सहकारी स्टीव्ह रसेल यांनी ते आयबीएम ७०४ वर उतरवण्याचा विचार बोलून दाखवला, तेव्हा सिद्धांत आणि व्यवहार यांत गल्लत होत असल्याचे मॅकार्थींना वाटले. रसेल यांनी ते हाताने यंत्रभाषेत आणले आणि लिस्प चालू लागली. कंसांच्या लेखनाचेही तसेच झाले. प्रोग्रामरसाठी गणितासारखी वेगळी लिपी यायची होती. ती कधीच पूर्ण झाली नाही आणि तात्पुरते कंस कायमचे झाले. निरुपयोगी झालेली स्मृती आपोआप मोकळी करण्याची रीतही त्यांनी लिस्पसाठीच शोधली.

१९६२ पासून ते स्टॅनफर्डला होते. १९७१ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९७८ मध्ये पत्नी व्हेरा वॉटसन अन्नपूर्णेच्या मोहिमेत मृत्युमुखी पडल्या. २४ ऑक्टोबर २०११ रोजी मॅकार्थी यांचे निधन झाले. वेबअसेंब्ली त्यांनी पाहिली नाही.

आज लिस्प कुळातील गाइल स्कीमसाठी हूट नावाची साधनमाला आहे. ती स्कीमचे वेबअसेंब्लीत रूपांतर करतेच, शिवाय वेबअसेंब्लीचे मोड्यूल ब्राउझरविना गाइलमध्येच चालवते. मोड्यूल माहिती म्हणून आत येते, दुभाषा ते वाचतो आणि यजमान प्रोग्रामने हाती दिलेली फलनेच त्याला बाहेरून वापरता येतात. स्मृती मोकळी करण्याची सोय पूर्वी अशा भाषांना आपल्यासोबत वाहून न्यावी लागे. आता ती वेबअसेंब्लीतच आली आहे. एका प्रोग्रामने दुसरा वाचून चालवावा, ही १९६० ची कागदावरची कल्पना अशी रोजच्या कामात उतरली आहे.