कॉफी विकता विकता जगभरातल्या जहाजांची खबर ठेवणारा एडवर्ड लॉइड

माल परदेशी निघालाय, सगळं भांडवल त्यात अडकलंय. पण जहाज पोहोचलं की बुडालं, हे कुणाला विचारायचं?

१६९१ नंतरच्या लंडनमध्ये उत्तर एकच होतं: लोम्बार्ड स्ट्रीटवरचं लॉइडचं कॉफी हाऊस. एडवर्ड लॉइड ना जहाजमालक, ना विमावाला. पण कप्तान आणि व्यापारी त्याच्याकडेच बसायचे, त्यामुळे बंदरांची खबर आपोआप जमायची. १६९६ मध्ये गड्याने 'लॉइड्स न्यूज' हे पत्रच काढलं. त्यात हाऊस ऑफ लॉर्ड्सची बातमी छापली, लॉर्ड्स भडकले आणि काही महिन्यांतच पत्र बंद!

१७१३ मध्ये लॉइड गेला. नाव मात्र राहिलं. १७७१ मध्ये ७९ जणांनी प्रत्येकी १०० पौंड भरून त्याच नावाने संघटना बांधली. १८११ पासून तर बंदरोबंदरी तिचे एजंट बसले आणि खबर लंडनला येऊ लागली.