बेकारी मोजणारा माणूस

कर्नाळ्याच्या पायथ्याशी आधी किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसतो, आणि मृग लागला असेल तर रस्त्याकडेला शेवळांच्या जुड्या घेऊन बसलेल्या कातकरी बाया. मला तिथे हटकून वि. म. दांडेकर आठवतात. अर्थशास्त्रज्ञ आठवावा अशी ती जागा नव्हे, पण त्याला कारण आहे.

१९८० च्या दशकात मी पनवेल भागातल्या एका बँकशाखेत होतो. शेळ्यांसाठी कर्ज मागायला आलेल्या एका कातकरी बाईंच्या अर्जात, ‘व्यवसाय’ या रकान्यात, मी ‘काही नाही’ असे लिहून मोकळा झालो. पुढे पाहणीसाठी वाडीवर गेलो तेव्हा समजले, की दिवाळीनंतर उचल घेऊन नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर, पावसाळ्यात दुसऱ्याच्या शेतावर लावणीला, आणि बारा महिने डोक्यावर लाकडाची मोळी, असे त्यांचे वर्ष होते. माझा रकाना खोटा होता. दांडेकर मी त्यानंतर वाचले.

त्यांचा जन्म १९२० चा, साताऱ्याचा. हयात गेली पुण्याच्या गोखले संस्थेत. १९६६ ते १९८० ते तिचे संचालक होते. नीलकंठ रथ यांच्यासह १९७१ साली त्यांनी दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातले माणशी २२५० उष्मांक पुष्कळांच्या लक्षात आहेत. माझ्या लेखी मात्र मोठे काम त्याच्या आधीचे, आणि ते दुसऱ्यांचे.

नियोजन आयोगाने १९६८ मध्ये बेकारीच्या अंदाजांसाठी तज्ज्ञ समिती नेमली. एम. एल. दांतवाला अध्यक्ष. तोवर आधीचे बेकार किती, नवे हात किती, रोजगार किती, अशी बेरीज-वजाबाकी करून साऱ्या देशाचा एक आकडा काढला जाई. १९७० च्या अहवालात समितीने असा एक आकडा काढण्यालाच नकार दिला. कारखान्याच्या दारातला मजूर कामावर असतो किंवा नसतो. आपल्याकडे मात्र बहुतेकांचे काम घरच्या शेतीत, हंगामात, तुकड्यातुकड्यांत असते. रिकामे बसणे गरिबाला परवडतच नाही. सरकारने विचारलेल्या प्रश्नाला प्रश्नच चुकला आहे असे उत्तर द्यायला काय लागते, ते आम्हा बँकवाल्यांना विचारा. वरून आकडा मागितला की आम्ही तो देत असू, मग तो कुठून का येईना!

या शिफारशींच्या आधारे १९७२-७३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत मोजण्याच्या तीन रीती आल्या. वर्षभराचा नित्य व्यवसाय पाहिला तर माझ्या त्या बाई रोजगारात. आठवडा पाहिला, तर सात दिवसांत एक तास काम केले तरी रोजगारात. पण प्रत्येक दिवस अर्ध्या-अर्ध्या दिवसाने मोजला, आणि दोन दिवस लावणी मिळून पाच दिवस काम शोधण्यात गेले असतील, तर ते पाच दिवस बेकारीचे. बाई त्याच, उत्तरे निराळी.

त्याहून अवघड गोष्ट आधीच घडते. बेकार ठरण्यासाठी माणूस मुळात श्रमशक्तीत हवा. काम करणारा किंवा काम मागणारा. मोळी बाजारात विकली तर बाई कामकरी. तीच मोळी घरच्या चुलीसाठी आणली, आणि घरकामापलीकडे दुसरे काही नसले, तर पाहणीत ९३ हा सांकेतिक अंक पडतो. म्हणजे रोजगारात नाहीत आणि बेकारही नाहीत, हिशेबाबाहेर. दांडेकरांच्या पत्नी कुमुदिनीबाई लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासक. रोजगार हमीच्या कामांवरील स्त्रियांवर त्यांचे पुस्तक १९८३ साली आले. घराजवळ काम निघाले की ज्यांची गणना गृहिणींत होते अशा बायाही खोऱ्यावर-घमेल्यावर हजर होतात, हे आम्ही कोकणातही पाहिले आहे. काम मागत नव्हत्या, कारण मागायला जागाच नव्हती.

दांडेकर १९९५ साली गेले. २०१७ पासून श्रमशक्तीची नवी पाहणी चालू आहे आणि २०२५ पासून तिचे आकडे दरमहा येतात, तेही आठवड्याच्या रीतीने. वर्तमानपत्रात मथळा होतो तो एका टक्केवारीचा.

गेल्या जूनमध्ये मी कर्नाळ्याला शेवळांच्या दोन जुड्या घेतल्या. सोबत काकडंही घेतली, नाहीतर घसा खाजतो. बाई उजाडल्यापासून बसल्या होत्या, गिऱ्हाईक मी दुसराच. एका तासाची अट त्यांनी केव्हाच पुरी केली होती.