राजाचं चित्र काढून तुरुंगात गेलेला चित्रकार

मुलांनो, एका चित्रासाठी कोणाला सहा महिन्यांची शिक्षा होईल का? फ्रान्समध्ये झाली होती. त्या चित्रकाराचं नाव ओनोरे दोमिए. राजकीय व्यंगचित्राला कला म्हणायचं की नुसती टवाळी, असा वाद आपण मोठी माणसं चहा पिताना घालतो, तेव्हा मला हा माणूस आठवतो.

त्याचा जन्म १८०८ सालचा, मार्सेयचा. वडील खिडक्यांना काचा बसवायचे, पण कवी होण्याच्या वेडापायी त्यांनी सगळं बिऱ्हाड पॅरिसला हलवलं. पैशांची कायम ओढाताण! ओनोरे लहानपणीच कोर्टाच्या बेलिफाकडे पोऱ्या म्हणून लागला, मग पुस्तकांच्या दुकानात. पुढे तो शिळाछापाचं काम शिकला. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा आणि वरून शाईचा रूळ फिरवायचा. तेल-पाणी एकत्र होत नाही, म्हणून शाई फक्त रेघांवर बसते. (मेणाचा खडू आणि पाण्याचे रंग घेऊन घरी गंमत करून पहा.) एका दगडावरून भराभर प्रती निघत आणि दुकानाच्या काचेत लागत. अक्षरओळख नसलेल्यालाही चित्र कळे. सरकारला धास्ती होती ती याचीच.

डिसेंबर १८३१ मध्ये त्याने राजा लुई फिलिपला खादाड राक्षस बनवलं. तोंडाला फळी लावलेली, नोकर गरिबांचे पैसे टोपल्यांत भरून वर नेताहेत, राजा गिळतोय. तो बसलाय ती खुर्ची म्हणजे चक्क संडासाची! खालून पडताहेत मर्जीतल्या लोकांसाठी मानसन्मानाचे कागद. ऑगस्ट १८३२ मध्ये दोमिए गजाआड गेला, फेब्रुवारी १८३३ मध्ये सुटला.

खरं सांगायचं तर हे चित्र मला हुशार वाटतं, पण एकदा हसलं की संपतं.

एप्रिल १८३४ मध्ये पॅरिसात दंगल झाली. त्रान्सनोनँ रस्त्यावरच्या एका घरातून गोळी आली म्हणून सैनिक आत घुसले आणि त्यांनी बारा रहिवासी मारले. दोमिएने ती खोली काढली. विस्कटलेलं अंथरूण, जमिनीवर झोपण्याच्या सदऱ्यातला बाप, त्याच्या अंगाखाली चिरडलेलं मूल. सैनिक नाहीत, राजाही नाही, कोणाची टिंगल नाही. सरकारने प्रती आणि दगड जप्त केले. १८३५ मध्ये कायदाच आला आणि राजावरची व्यंगचित्रं बंद पडली.

मग त्याने वकील, घरमालक, रेल्वेचे प्रवासी काढले. शिळाछापाची चित्रंच चार हजारांच्या आसपास! तैलचित्रं मात्र फारशी कोणी घेतली नाहीत. १८७८ मध्ये त्याचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन भरलं, तेव्हा दृष्टी जवळजवळ गेली होती. पुढच्याच वर्षी तो वारला.

त्रान्सनोनँच्या चित्राची एक प्रत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. कागद नाजूक, म्हणून ती नेहमी मांडलेली नसते. आधी चौकशी करून जा. लहानांना तिथलंच त्याचं तिसऱ्या वर्गाच्या डब्याचं तैलचित्र दाखवा. दुसरं चित्र मोठ्या मुलांसाठी ठेवा, आणि तेव्हा त्यांच्या शेजारी उभे रहा.