पावसचे स्वामी स्वरूपानंद : श्वासाची साधना आणि अनंत निवासातील चाळीस वर्षे

आपल्या संस्थानात दर्शनास येणारे बरेच यात्रेकरू रत्नागिरीमार्गे पुढे पावसला जातात. रत्नागिरीच्या दक्षिणेस सुमारे २० किलोमीटर अंतरावर, नारळी-पोफळीच्या बागांत व आंब्याच्या छायेत वसलेले हे गाव. तेथे ना ज्योतिर्लिंग, ना पुराणप्रसिद्ध तीर्थ. तरीही महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून माणसे तेथे जातात, कारण श्रीस्वामी स्वरूपानंदांनी आयुष्याची सुमारे चाळीस वर्षे या गावातील एका घरात काढली आणि तेथेच देह ठेवला. कार्यालयात चौकशीसाठी येणारे भाविक पुष्कळदा विचारतात की ध्यानधारणा, योगसाधना या गोष्टी घरसंसार आणि नोकरीधंदा सांभाळून साधतात काय? त्यासाठी डोंगरात जावे लागते काय? हा प्रश्न ज्यांच्या मनात आहे त्यांनी श्रीस्वामींचे चरित्र अवश्य जाणून घ्यावे, म्हणून येथे ते संक्षेपाने देत आहोत.

श्रीस्वामींचे पूर्वाश्रमीचे नाव रामचंद्र विष्णु गोडबोले. जन्म पावस येथेच, १५ डिसेंबर १९०३ रोजी, मार्गशीर्ष वद्य द्वादशीस झाला. वडील विष्णुपंत व आई रखमाबाई. प्राथमिक शिक्षण गावात, पुढचे रत्नागिरीस व त्यानंतर मुंबईस, असा त्या काळातील कोकणी मुलाचा नेहमीचा प्रवास त्यांच्याही वाट्यास आला. परंतु काळ नेहमीचा नव्हता. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक निवर्तले आणि त्याच वर्षी महात्मा गांधींच्या असहकाराच्या हाकेने देश ढवळून निघाला. सरकारी शाळा सोडा, ही हाक ज्या हजारो मुलांनी मनावर घेतली त्यांत रामचंद्रही होते. गावी परतून त्यांनी राष्ट्रीय शिक्षणासाठी स्वावलंबनाश्रम नावाची शाळा काढली. पुढे पुण्यास टिळकांच्या नावाच्या राष्ट्रीय विद्यापीठात शिक्षण घेऊन त्यांनी वाङ्मयविशारद ही पदवी मिळविली. मराठी वाङ्मयाचा हा अभ्यास नंतर किती उपयोगी पडणार होता, याची त्यांना तेव्हा कल्पना नसावी.

पुण्यातच त्यांच्या आयुष्याला दुसरे वळण मिळाले. त्यांचे मामा केशवराव गोखले हे सद्गुरू गणेशनाथ, अर्थात बाबामहाराज वैद्य, यांच्या सहवासातील होते. मामांनी भाच्यास तेथे नेले आणि वयाच्या विसाव्या वर्षाच्या सुमारास, १९२३ साली, रामचंद्रांना गणेशनाथांकडून अनुग्रह प्राप्त झाला. हा अनुग्रह नाथ संप्रदायाचा. आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथ आणि निवृत्तिनाथांकडून ज्ञानेश्वर महाराज, अशी जी परंपरा आपण सर्वजण जाणतो तिचीच एक शाखा शिष्यप्रशिष्यांच्या रूपाने गणेशनाथांपर्यंत आली होती. घरातील देवघरात ज्ञानेश्वरीची पोथी असणाऱ्या मराठी माणसाला ही परंपरा परकी वाटण्याचे कारण नाही.

या परंपरेत जी साधना दिली जाते तिला सोऽहं साधना म्हणतात. तिच्याविषयी भाविकांत काही गूढ कल्पना असतात म्हणून थोडे सविस्तर लिहिणे इष्ट वाटते. आपला श्वास आत येतो व बाहेर जातो. आत येताना ‘सो’ आणि बाहेर जाताना ‘हं’ असा सूक्ष्म ध्वनी त्यात आहे, असे योगशास्त्र मानते. सः म्हणजे तो परमात्मा आणि अहं म्हणजे मी. तो मीच आहे, हे स्मरण श्वास स्वतःच अखंड करीत असतो. जीभ हलत नाही, माळ लागत नाही, म्हणून त्यास अजपाजप हे नाव. योगग्रंथांत दिवसरात्र मिळून २१,६०० श्वासांची संख्या सांगितलेली आहे. तिचा हिशेब केला तर मिनिटाला १५ श्वास येतात, आणि शांत बसलेल्या निरोगी माणसाने घड्याळ लावून मोजले तरी साधारण त्याच्या आसपासच संख्या भरते. म्हणजे जप तर चाललेलाच आहे. साधकाने करावयाचे ते एवढेच की ठरावीक वेळी स्थिर बसून त्या चाललेल्या जपाकडे अवधान द्यावे, मन इकडेतिकडे गेले तर न रागावता ते पुन्हा श्वासावर आणावे, आणि पुढे कामाधामात असतानाही हे अनुसंधान राखण्याचा अभ्यास करावा. श्वास जबरदस्तीने कोंडणे किंवा लांबविणे याचा येथे संबंध नाही. अर्थात ही साधना गुरूंकडून घ्यावयाची असते व पुस्तकात वाचून केलेल्या प्रयोगास अनुग्रहाची सर नाही, असे परंपरा मानते. सांगावयास सोपी असलेली ही गोष्ट करावयास किती अवघड आहे, हे पाच मिनिटे डोळे मिटून बसणाऱ्या कोणासही कळते.

अनुग्रह मिळाला म्हणून रामचंद्रांनी देशकार्य सोडले नाही, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत त्यांनी भाग घेतला आणि त्यांना येरवड्याच्या कारागृहात जावे लागले. पुढे महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात नावारूपास आलेले कितीतरी तरुण त्या काळात तेथे बंदिवान होते. बाहेरच्या जगाला रामचंद्र गोडबोले म्हणजे खादीधारी, ध्येयवादी असा एक सत्याग्रही एवढीच ओळख होती. आत साधना चालू होती. कारागृहात माणसाजवळचे बाकी सर्व काढून घेतले जाते, श्वास तेवढा उरतो. सोऽहं साधनेस त्याहून अधिक सामग्री लागत नाही.

सुटका झाल्यानंतरचा काळ कसोटीचा आला. १९३४ साली पावस येथे त्यांना गंभीर आजाराने गाठले. दुखणे महिनोन्महिने हटले नाही. तिशीतील धडधाकट तरुण अंथरुणास खिळला आणि वाचण्याची आशा उरली नाही, अशी अवस्था झाली. देशासाठी देह झिजवावा म्हणून घराबाहेर पडलेल्या माणसाला कूस बदलण्यासही दुसऱ्याची मदत लागावी, याहून मोठे दुःख कोणते? आपल्यापैकी ज्यांनी घरात दीर्घ दुखणे पाहिले आहे त्यांना हे वेगळे सांगावयास नको. वेदनेपेक्षा आपण निरुपयोगी झालो ही भावनाच रुग्णाला अधिक खाते, आणि रात्री घर निजले की मृत्यूचे भय उशाशी येऊन बसते.

श्रीस्वामींच्या बाबतीत दहा-अकरा वर्षांच्या अभ्यासाची परीक्षा या अंथरुणावर झाली. देह क्षीण होत असता त्याकडे पाहणारा जो आत आहे तो क्षीण होत नाही, हे जे गुरुमुखातून ऐकले होते ते त्यांच्या अनुभवास आले. श्वासाच्या आधाराने ज्या ‘तो’चे इतके दिवस स्मरण केले तो आणि आपण वेगळे नाही, ही प्रतीती आली आणि मरणाचे भय गळून पडले. या दिवसांतील मनाच्या अवस्था त्यांनी साकी वृत्तात लिहून ठेवल्या. ‘अमृतधारा’ या नावाने ते छोटे पुस्तक प्रसिद्ध आहे. त्यात तत्त्वज्ञान आहेच, पण त्याआधी व्याकुळता आहे, आळवणी आहे. सिद्धपुरुषांना दुःख शिवतच नाही अशी आपली समजूत असते, तिला हे पुस्तक दुजोरा देत नाही. आमच्या मते श्रीस्वामींच्या ग्रंथांपैकी प्रथम वाचावयाचे ते हेच.

प्राण वाचले, पण पूर्वीची शक्ती परत आली नाही. गावातील देसाई कुटुंबाने त्यांना आपल्या घरी आणले. या घराचे नाव अनंत निवास. प्रकृतीस उतार पडेपर्यंत राहावे म्हणून आणलेला हा पाहुणा त्याच घरातील एका खोलीत अखेरपर्यंत राहिला. श्रीस्वामी आजन्म अविवाहित होते. त्यांनी मठ बांधला नाही, शिष्यांचा परिवार घेऊन यात्रा केल्या नाहीत, पावस सोडून ते सहसा कोठे गेले नाहीत. येथे देसाई कुटुंबीयांविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. दान म्हटले की आपल्याला पावतीपुस्तक आठवते. परंतु एका अशक्त माणसाचे पथ्यपाणी, औषध, अंथरूण-पांघरूण आणि पुढे त्याच्या दर्शनास येणाऱ्या लोकांची ये-जा, हे सर्व एका घराने चाळीस वर्षे सांभाळले. त्या घरातील चूल, मुलेबाळे, सणवार, आजारपणे हे सारे भिंतीपलीकडे चालूच होते. श्रीस्वामींची साधना अरण्यात झाली नाही, भांड्यांच्या आणि माणसांच्या आवाजात झाली, हे पावसला गेल्यावर अवश्य आठवावे.

याच खोलीत त्यांचे ग्रंथलेखन झाले. ज्ञानेश्वर महाराजांनी १२९० साली नेवासे येथे सांगितलेल्या ज्ञानेश्वरीत सुमारे नऊ हजार ओव्या आहेत. सातशे वर्षांपूर्वीची ती मराठी आज सामान्य वाचकास अडते. नित्य पाठ करणारे कित्येकजण अर्थ न कळताच पाने उलटतात, हे कटू असले तरी खरे आहे. श्रीस्वामींनी संपूर्ण ज्ञानेश्वरी सोप्या मराठीत अभंगरूपाने आणली, ती ‘अभंग ज्ञानेश्वरी’. त्याशिवाय ‘अभंग अमृतानुभव’, ‘अभंग चांगदेव पासष्टी’, गीतेवरील ‘भावार्थ गीता’ आणि स्वतंत्र अभंगांची ‘संजीवनी गाथा’ हे त्यांचे ग्रंथ आहेत. धडधाकट विद्वानाने करावे एवढे हे काम. ते अत्यंत नाजूक प्रकृतीच्या माणसाने एका खोलीत बसून पुरे केले.

गीतेचा सहावा अध्याय ध्यानयोगाचा आहे. ज्ञानेश्वरीत याच अध्यायात नाथपंथीयांची कुंडलिनीची वाट विस्ताराने वर्णिलेली आहे, आणि ती वाचून बरेच भाविक दबून जातात. परंतु त्याच अध्यायात भगवंतांनी खाणे, झोपणे, जागणे व काम करणे या सर्वांत बेताने वागणाऱ्यास योग साधतो, असेही सांगितले आहे. अर्जुनाने तेथे विचारलेली एक शंका तर प्रत्येक संसारी माणसाच्या मनातील आहे. श्रद्धा आहे पण प्रयत्न अपुरे पडले, वाटेतच आयुष्य संपले, तर अशा माणसाचे काय होते? तो दोन्हीकडून गेला काय? भगवंतांनी दिलेले उत्तर आश्वासक आहे. केलेली साधना वाया जात नाही, पुढील जन्मी तेथूनच ती पुढे चालू होते. श्रीस्वामींकडे येणारे लोक बहुधा असेच होते. शिक्षक, कारकून, शेतकरी, गृहिणी, सेवानिवृत्त माणसे. त्यांना त्यांनी घर सोडावयास सांगितले नाही. नेमून दिलेले काम नीट करावे, सकाळ-संध्याकाळ साधनेस बसावे, चमत्काराची वाट पाहू नये, असे त्यांच्या मार्गदर्शनाचे साधारण स्वरूप होते. दूरच्या साधकांना ते पत्रांतून मार्गदर्शन करीत. ही पत्रे ‘स्वरूप-पत्र-मंजूषा’ या संग्रहात वाचावयास मिळतात. पुढे स्वामी अमलानंद, स्वामी माधवनाथ यांच्यासारख्या शिष्यांनी हीच साधना अनेकांपर्यंत पोहोचविली.

१५ ऑगस्ट १९७४ रोजी, श्रावण वद्य द्वादशीस, श्रीस्वामींनी अनंत निवासात देह ठेवला. त्यांचे वय तेव्हा सत्तर वर्षांचे होते. देशाच्या स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेल्या या सत्याग्रहीने स्वातंत्र्यदिनीच जगाचा निरोप घ्यावा आणि जन्माची व समाधीची तिथीही द्वादशीच असावी, याचे भक्तांना मोठे अप्रूप वाटते.

पावस येथे आज श्रीस्वामींचे समाधिमंदिर आहे व जन्मोत्सव आणि पुण्यतिथी हे उत्सव तेथे साजरे होतात. समाधीच्या दर्शनानंतर पुष्कळ यात्रेकरू लगेच गाडीत बसून पुढच्या ठिकाणी निघतात. सहलीचे वेळापत्रक घट्ट असते, हे आम्ही जाणतो. तथापि गणपतीपुळे, पावस व गणेशगुळे ही ठिकाणे एकाच दिवशी उरकण्याऐवजी पावससाठी अर्धा दिवस मोकळा ठेवावा, अशी विनंती आहे. समाधिमंदिरातून अनंत निवासाकडे जावे. श्रीस्वामींची खोली तेथे आहे. मोबाईल फोन बंद ठेवावा, लहान मुलांना आधी काही खाऊ घालून न्यावे म्हणजे ती शांत राहतात, आणि जागा मिळेल तेथे भिंतीशी दहा-पंधरा मिनिटे बसावे. ज्यांना जमिनीवर बसता येत नाही त्यांनी तसे तेथील सेवेकऱ्यांना सांगावे.