स्पॅनिश भाषेचा पहिला व्याकरणकार

परकीय भाषा शिकण्याची हौस आता आपल्याकडे नवी राहिलेली नाही. पुण्या-मुंबईच्या वर्गांतून जर्मन, फ्रेंच, जपानी यांच्या जोडीला स्पॅनिश शिकणारी मुलेमुलीही दिसू लागली. या मुलांच्या वहीचे पहिले पान बहुधा सारखेच असते. त्यावर तीन रकाने असतात: ‘आर’ने संपणारी क्रियापदे, ‘एर’ने संपणारी आणि ‘ईर’ने संपणारी. आब्लार म्हणजे बोलणे, कोमेर म्हणजे खाणे, बिबीर म्हणजे राहणे किंवा जगणे. शेवटचा प्रत्यय काढून टाकायचा, त्या जागी पुरुषवाचक प्रत्यय लावायचा, की आब्लो, कोमो, बीबो अशी रूपे तयार होतात आणि बोलतो, खातो, राहतो अशी दिवसभराची कामे सांगता येतात. विद्यार्थ्याला हे तीन रकाने सृष्टीच्या आरंभापासून चालत आल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात ते एका माणसाने पाचशेहून अधिक वर्षांपूर्वी छापील पुस्तकात मांडले. त्या माणसाचे नाव आन्तोनियो दे नेब्रिहा.

नेब्रिहा यांचा जन्म १४४४ च्या सुमारास दक्षिण स्पेनमध्ये, सेव्हिल शहराजवळच्या लेब्रिहा या गावी झाला. घरचे नाव आन्तोनियो मार्तिनेस दे काला. पुढे त्यांनी आडनाव म्हणून गावाचे नाव घेतले आणि आपल्या भागातील प्राचीन रोमन शिलालेखांत आढळणारे एलिओ हे नावही आपल्या नावापुढे जोडले. या छोट्याशा गोष्टीत त्यांचा स्वभाव दिसतो. आपल्या पायाखालची जमीन एके काळी रोमची होती, याचा त्यांना अभिमान होता. त्या रोमची भाषा आपल्या देशात मोडकीतोडकी झाली आहे, याची तितकीच खंतही होती.

सालामांका विद्यापीठात काही वर्षे काढून, एकोणिसाव्या वर्षी ते इटलीतील बोलोन्या येथे गेले. तेथे स्पॅनिश विद्यार्थ्यांसाठी स्थापन झालेले एक महाविद्यालय होते. शिष्यवृत्ती धर्मशास्त्रासाठी होती, परंतु मन रमले ते भाषेत. इटलीत त्या काळी प्राचीन ग्रंथांचे शुद्ध पाठ शोधून काढण्याची नवी विद्या भरात होती. १४७० च्या सुमारास ते मायदेशी परतले ते एक निश्चय करूनच. सालामांकाचे अध्यापक जे लॅटिन शिकवत होते ते अशुद्ध होते आणि ते मोडून काढायचे होते. काही काळ सेव्हिलच्या आर्चबिशपच्या आश्रयाने राहून त्यांनी सालामांकात अध्यापन सुरू केले. १४८१ मध्ये त्यांचे लॅटिन व्याकरणाचे पाठ्यपुस्तक निघाले आणि ते विलक्षण गाजले. स्पेनमधील विद्यार्थ्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या त्यावर लॅटिन शिकल्या. राणी इसाबेलाच्या इच्छेवरून त्यांनी त्याची द्विभाषिक आवृत्तीही केली. एका बाजूस लॅटिन, समोर तोच मजकूर कॅस्टिलियनमध्ये, म्हणजे ज्या भाषेला आज जग स्पॅनिश म्हणते तिच्यात.

हे दोन रकाने शेजारी लिहिताना त्यांना एक गोष्ट जाणवली असली पाहिजे. लॅटिनला नियम होते, कोश होते. रोज बोलल्या जाणाऱ्या भाषेला यातले काहीच नव्हते. ती आईच्या मांडीवर शिकायची भाषा; तिचे व्याकरण कोण कशाला लिहील, अशी त्या काळच्या विद्वानांची समजूत होती. नेब्रिहा यांनी ती मानली नाही. १४८७ च्या सुमारास सालामांकातील अध्यापन सोडून ते अल्कान्तारा या धार्मिक-लष्करी पंथाचे प्रमुख हुआन दे सुन्यिगा यांच्या आश्रयाला गेले. तेथे मिळालेल्या निवांतपणात त्यांनी लॅटिन-स्पॅनिश कोश सिद्ध केला आणि १८ ऑगस्ट १४९२ रोजी सालामांका येथे कॅस्टिलियन भाषेचे व्याकरण छापून प्रसिद्ध केले. अर्वाचीन युरोपीय भाषेचे हे पहिले छापील व्याकरण मानले जाते.

ते साल विसरता येत नाही. जानेवारीत ग्रानाडा पडले. मार्चमध्ये ज्यूंच्या हकालपट्टीचे फर्मान निघाले. ऑगस्टच्या तीन तारखेला कोलंबसाची जहाजे बंदरातून निघाली आणि पंधरा दिवसांनी हे पुस्तक बाहेर आले. त्याच्या प्रस्तावनेतच एक प्रसंग नोंदला आहे. नमुन्याची पाने पाहून राणीने विचारले की या पुस्तकाचा उपयोग काय. नेब्रिहा यांनी तोंड उघडण्यापूर्वी आव्हिलाच्या बिशपने उत्तर दिले: राणीसाहेबांच्या अमलाखाली निरनिराळ्या भाषा बोलणारे लोक आले की त्यांना राज्यकर्त्यांचे कायदे स्वीकारावे लागतील, त्यांची भाषाही शिकावी लागेल, आणि तेव्हा हे व्याकरण हाताशी लागेल. भाषा ही साम्राज्याची सोबतीण असते, हा विचार नेब्रिहा यांनीही त्याच प्रस्तावनेत मांडला. आज तो विचार निर्मळ मनाने वाचता येत नाही. ज्यांच्या बोली त्या साम्राज्याखाली दबून गेल्या त्यांची आठवण ठेवूनच तो वाचावा लागतो.

मात्र पुस्तक उघडले की त्यात सत्तेची भाषा नाही. आहे ती शिक्षकाची कळकळ. पुस्तकाचे पाच भाग आहेत. पहिल्या चारांत लेखन, उच्चार व वृत्ते, शब्दरूपे आणि वाक्यरचना यांचा विचार आहे. शब्दांच्या त्यांनी दहा जाती केल्या आणि लॅटिनमध्ये नसलेल्या ‘आर्टिकल’ला त्यांत स्वतंत्र जागा दिली. पाचवा भाग मात्र परक्यांसाठी आहे. बास्क, नवार प्रांतातले लोक, फ्रेंच, इटालियन, ज्यांना व्यापारासाठी किंवा व्यवहारासाठी ही भाषा शिकावी लागते त्यांचा विचार लेखकाने केला आहे. ज्याला भाषा येते त्याला नियम सांगणे वेगळे आणि ज्याला ती येत नाही त्याला दारातून आत घेणे वेगळे, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून येथे चर्चा थोडी आणि रूपे अधिक. अक्षरे, नामे, सर्वनामे आणि मग क्रियापदांचे तीन गण. नमुन्यादाखल त्यांनी घेतलेली क्रियापदे साधी आहेत: आमार, लेएर, ओईर, म्हणजे प्रेम करणे, वाचणे, ऐकणे.

मराठी माणसाला या रचनेत बरेच ओळखीचे वाटावे. आपण ‘जेवलो’ म्हणतो तेव्हा ‘मी’ म्हणण्याची गरज नसते. स्पॅनिशमध्येही ‘कोमो’ म्हटले की खाणारा मीच हे प्रत्यय सांगतो. फरक इतकाच की आपल्याकडे पुरुष खातो आणि स्त्री खाते; स्पॅनिश क्रियापदाला वर्तमानकाळात हा भेद नाही. ‘कोमो पान’ म्हणजे पाव खातो किंवा खाते. यातला ‘पान’ आणि आपला पाव ही एकाच लॅटिन शब्दाची लेकरे. आपल्याकडे तो पोर्तुगीजांमार्फत आला. भविष्यकाळाच्या बाबतीत नेब्रिहा यांची नजर किती बारीक होती ते कळते. ‘कोमेरे’, म्हणजे खाईन, हे रूप एकसंध दिसत असले तरी ‘कोमेर’ आणि सहायक क्रियापदाचे ‘ए’ हे रूप यांच्या जोडातून ते घडले आहे, हे त्यांनी दाखवून दिले. बोलणाऱ्याच्या तोंडी रोज असलेल्या रूपातला हा सांधा त्यांच्या आधी कोणी असा उलगडून दाखवला नव्हता.

आणि तरीही पुस्तक चालले नाही. लॅटिनच्या पाठ्यपुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत असताना स्पॅनिश व्याकरणाची दुसरी आवृत्ती त्यांच्या हयातीत निघालीच नाही. त्यासाठी अठरावे शतक उजाडावे लागले. पुढच्या पिढीतील हुआन दे वाल्देस यांनी तर हा लेखक आन्दालुसियाचा, त्याला शुद्ध कॅस्टिलियन काय कळणार, असा आक्षेप घेतला. प्रमाणभाषेचे नियम कोणत्या गावच्या माणसाने सांगावेत, हा वाद आपल्यालाही अपरिचित नाही.

नेब्रिहा मात्र थांबले नव्हते. १४९५ च्या सुमारास निघालेल्या स्पॅनिश-लॅटिन कोशात त्यांनी ‘कानोआ’, म्हणजे होडी, हा शब्द घेतला. कोलंबस परतून फार दिवस झाले नव्हते. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या तोंडचा शब्द स्पॅनिश कोशात येण्याची ती पहिली वेळ. पुढे ते बायबलच्या पाठाकडे वळले. लॅटिन बायबलमधल्या चुका ग्रीक आणि हिब्रू मुळावरून दुरुस्त कराव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. व्याकरणकाराने धर्मग्रंथाला हात लावावा, हे धर्मपीठाला कसे रुचणार? इन्क्विझिशनचे प्रमुख दिएगो दे देसा यांनी त्यांचे कागद जप्त केले. १५०७ मध्ये त्या पदावर कार्डिनल सिस्नेरोस आले, म्हणून मोठे संकट टळले. आपल्या बचावासाठी लिहिलेल्या ग्रंथात नेब्रिहा यांनी अभ्यासकाच्या विचारस्वातंत्र्याची बाजू निर्भयपणे मांडली. मात्र सिस्नेरोस यांच्याच बहुभाषिक बायबलच्या कामात सहभागी झाल्यावर, लॅटिन पाठाला हात लावायचा नाही असे ठरले, तेव्हा ते त्या कामातून बाहेर पडले. उपकारकर्त्यासमोरही त्यांनी आपले मत मऊ केले नाही.

१५१३ मध्ये सालामांकातील अध्यासनासाठी त्यांना डावलून एका तरुण उमेदवाराची निवड झाली. सत्तरीच्या घरातील या विद्वानाला तो घाव वर्मी लागला. सिस्नेरोस यांनी त्यांना अल्काला येथील आपल्या नव्या विद्यापीठात वक्तृत्वशास्त्राचे अध्यासन दिले. वाटेल ते शिकवावे, शिकवावेसे वाटले नाही तर शिकवू नये, अशी मुभाही दिली. त्यांनी १५१७ मध्ये शुद्धलेखनाचे नियम प्रसिद्ध केले. जसे बोलावे तसे लिहावे आणि जसे लिहिले तसे बोलावे, हे त्याचे सूत्र. आजचा विद्यार्थी स्पॅनिश शब्द पाहताच वाचू शकतो, त्यामागे या सूत्राचा मोठा वाटा आहे. जुलै १५२२ मध्ये अल्काला येथे त्यांचे निधन झाले.

मराठीला दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ मध्ये मिळाले. आपली भाषा आपण बोलतोच, तिचे नियम कशाला, हा प्रश्न त्यांच्याही काळात होता. नेब्रिहा यांच्या आयुष्याने त्या प्रश्नाला उत्तर दिले आहे. त्यांना वाटले होते की आपले पुस्तक राजांच्या कामी येईल. राजे गेले, ते साम्राज्यही गेले. उरले ते वहीच्या पहिल्या पानावरचे तीन रकाने. बोलतो, खातो, राहतो एवढे सांगू पाहणाऱ्या कोणाही परक्याला ते आजही आत घेतात.